सरपंच आला की आली

मिल्टन कीन्स,
रविवार, दुपारी बारा वाजून दहा मिनिटं

प्रिय सतीश,

सप्रेम जय भीम. तुझ्या आईला, म्हणजे माझ्या आत्यालाही जय भीम सांग, आणि तिच्या उजव्या कानाच्या बाजूने सांग, म्हणजे ऐकूच आला नाही असं तिला म्हणता येणार नाही. आम्ही तिघं इथे ठीक आहोत. धम्मशीलाची वॉर्डातली शिफ्ट बदलली, वैभवीच्या ए लेव्हलच्या मॉक परीक्षा झाल्या, आणि माझा उजवा हात कानाच्या वर जात नाही (का जात नाही ते पुढे येईलच). तुझा नॉटिंगहॅमचा नवा जॉब, त्या भाड्याच्या फ्लॅटचे तीन जिने, आत्याचा गुडघा आणि नव्या घराच्या किल्ल्या, या चार गोष्टींचं कसं काय चाललंय ते कळव. शक्यतो याच क्रमाने.

एवढं लांब पत्र, तेही हाताने लिहून पोस्टाने आलेलं पाहून तू दचकला असशील. कारण साधं आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर तू माझ्या मेसेजच्या पहिल्या दोन ओळी वाचतोस आणि अंगठा दाखवतोस. गेल्या महिन्यात मी तुला पाण्याच्या खारेपणाबद्दल सविस्तर लिहिलं, त्याला अंगठा. त्यातला कुठला भाग पटला असं विचारलं, त्यालाही अंगठा. कागदाला अंगठा दाखवता येत नाही. शिवाय हे पत्र आत्याने माझा फोन घ्यावा म्हणून मी लिहीत नाहीये, हेही सुरुवातीलाच स्पष्ट करतो. फोन घ्यायचा की नाही हा तिचा प्रश्न आहे. तिचा दामू सात आठवडे माझ्या टाकीत पाहुणा आहे, अजून तीन आठवड्यांनी तो तुमच्या नव्या घरी जायचा आहे, तेव्हा त्याचा रीतसर अहवाल देणं माझं काम आहे, एवढंच. (आज तिचा फोन न आलेला तिसरा रविवार. अकरा वाजता मी फोन हातात घेऊनच बसलो होतो. बारा वाजता कंटाळून चार्जिंगला लावला, तेव्हा तो नव्व्याण्णव टक्के होता.)

तर अहवालातला पहिला मुद्दा: दामू जिवंत आहे, दोन वेळा जेवतो, आणि त्याची शेपटी भरून आली आहे. शेपटीला काय झालं होतं हे तुला माहीत नाही, कारण ते मी तुम्हाला सांगितलेलं नाही.

दामूला न्यायला मी लेस्टरला आलो तो दिवस आठव. तुमचं सगळं घर खोक्यांत गेलं होतं आणि त्या खोक्यांच्या मधोमध आत्या खुर्चीवर बसली होती, समोर ती लहान टाकी, आणि टाकीत तो एकटा. बोटाएवढा नारिंगी मासा, अंगावर तीन पांढरे पट्टे, आणि डोळ्यामागच्या पट्ट्याला एक खाच. भाड्याच्या फ्लॅटमध्ये टाकी ठेवायला मालकाने नाही म्हटलं म्हणून तो माझ्याकडे यायचा होता. दोन वर्षं तू आणि अर्चना, दोघं नवराबायको कामावर गेलात की दिवसभर आत्याच्या बोलण्याला हूं म्हणायला घरात तेवढा एकच जीव होता, हे मला कळत होतं. ती म्हणाली, "जगू, याला दुसऱ्याची सवय नाही." मी म्हणालो, "आत्या, माझ्याकडे काय गर्दी आहे? एकच तर मासा आहे." ती म्हणाली, "एकच असतो ना, त्याचीच भीती." (तेव्हा हे ऐकायला हवं होतं. मी बादलीचं झाकण घट्ट बसतंय का ते बघत होतो.)

मी पदवीवाला माणूस नाही, हे तुझ्या घरात वेळोवेळी निघतं. आयटीआयचा फिटर, इथे गोदामात कन्व्हेअर बेल्ट दुरुस्त करतो. पण मिठाच्या पाण्याची दोनशे चाळीस लिटरची टाकी मी चार वर्षं एकट्याने चालवली आहे. सगळं वाचून, मोजून, वहीत लिहून. पाण्याचं तापमान साडेपंचवीस, पावणेसव्वीस झालं तर मी कामावरून फोन करतो. त्या टाकीत आमचा सरपंच राहतो. तोही दामूसारखाच क्लाऊनफिश, दोघे एकाच जातीचे (प्रजातीचे म्हणायला हवं, तो दुसरा शब्द माझ्या घरात माशांनाही लावत नाही). सरपंच हे नाव मी दिलं, कारण टाकीतला डावा कोपरा, हीटर आणि मातीची आडवी कुंडी ही त्याची हद्द, आणि त्या हद्दीत गोगलगायसुद्धा विचारल्याशिवाय जात नाही. तुला माहीत आहे, वैभवीचं मराठी इथलं आहे. टेबल आली, चहा सांडली, असं ती बोलते. सरपंचालाही ती पहिल्या दिवसापासून "सरपंच आली" म्हणत होती आणि मी चार वर्षं न चुकता दुरुस्त करत होतो. सरपंच आला. आला. सरपंच पुल्लिंगी आहे, टेबल नपुंसकलिंगी आहे, चहा पुल्लिंगी आहे. ती म्हणायची, "बट बाबा, हाऊ डू यू नो?" मी म्हणायचो, व्याकरण आहे, त्यात हाऊ नसतं.

असो. बादलीला सीटबेल्ट लावला, हवेचा बॅटरीवाला पंप लावला, आणि एम वनवर पन्नासच्या वेगाने निघालो. लॉरीवाले मला ओव्हरटेक करताना मान वळवून बघत होते. जंक्शन चौदाला उतरल्यावर माझ्या घरापर्यंत नऊ राउंडअबाउट आहेत. त्या नऊही ठिकाणी मी इतका हळू वळलो की मागच्या गाडीतल्या बाईने पहिल्या तीन वेळा हॉर्न वाजवला आणि पुढे आशाच सोडली. घरी येऊन दामूला काचेच्या मोठ्या गोल बरणीत ठेवलं आणि आमच्या टाकीचं पाणी बारीक नळीने थेंबथेंब त्यात सोडत बसलो, म्हणजे त्याला पाण्याची सवय व्हावी. दोन तास दहा मिनिटं. त्या वेळात मी त्याची लांबी मोजली. बरणीला पट्टी लावली: सहा पूर्णांक आठ सेंटिमीटर. टाकीच्या काचेला पट्टी लावून सरपंच मोजला: सहा पूर्णांक दोन. दोन्ही आकडे वहीत आहेत. (मी ते पान अजून फाडलेलं नाही.)

इथे थोडं शास्त्र सांगतो, अंगठा दाखवू नकोस. या माशांत सगळे जन्माला नर म्हणून येतात. दोघं एकत्र राहिले की जो मोठा असेल तो मादी होतो, आणि एकदा झाला की परत फिरत नाही. लहान तो नर राहतो. म्हणजे हिशेब सरळ होता. दामू मोठा, म्हणजे दामूची बाई होणार. सरपंच सरपंचच राहणार. मी पहिल्याच रविवारी आत्याला फोनवर हे सांगितलं. जरा थट्टेनेही सांगितलं की आत्या, आता तुम्ही मुलीकडचे, आम्ही वरपक्ष, तेव्हा आमचा मानपान नीट ठेवा. तिने मागे एकदा आमच्याकडे आली असताना सरपंचाला पाच मिनिटं पाहिलं होतं. ती म्हणाली, "जगू, तुझा सरपंच बाई आहे." मी विचारलं, कशावरून? ती म्हणाली, "बसण्यावरून. दारात बसल्यासारखी बसते, कोण आलं कोण गेलं बघत." मी तिला शास्त्र समजावून सांगितलं. सतरा मिनिटं. कॉलची वेळ फोनमध्ये आहे. ती शेवटी फक्त "बरं" म्हणाली. (तिच्या घरी राहून मी आयटीआय केलं, दोन वर्षं तिच्या हातचं जेवलो. तिच्या "बरं"चा अर्थ मला कळायला हवा होता.)

तर त्या पहिल्या दिवशी दामूला बरणीतून टाकीत सोडलं. पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते घडलंही थोडक्यात. सरपंच कुंडीतून निघाला, दामूपाशी आला, क्षणभर थांबला, मला वाटलं विचारपूस करतोय, आणि त्याने दामूची शेपटी धरली. तीन मिनिटांत दामू फिल्टरच्या पाइपामागे उभा अडकून बसला होता, शेपटीचा एक तुकडा कमी, तोंडाची उघडझाप. धम्मशीला ड्यूटीवर निघाली होती. ती बघून म्हणाली, "अहो, हा पाहुणा म्हणून आणलाय ना? आत्याबाईंना काय सांगणार?" मी म्हणालो, पहिल्या दिवशी असं होतंच. ती म्हणाली, "आमच्या वॉर्डात झालं असतं तर मी सिक्युरिटीला बोलावलं असतं." आणि गेली.

पहिला उपाय, पारदर्शक डबा. नव्या माशाला भोकं पाडलेल्या डब्यात ठेवून डबा टाकीत टांगायचा. दोघं एकमेकांना बघतात, चावता येत नाही, आठवड्यात सवय होते. बाजारात असे डबे मिळतात, पण त्यांची भोकं मला पटली नाहीत, म्हणून मी घरातल्याच एका डब्याला ड्रिलने चार मिलिमीटरची शहाण्णव भोकं पाडली. तो धम्मशीलाचा चिवड्याचा डबा होता. धुतलेला होता असं तिचं म्हणणं. टाकीत सोडल्यावर पाण्यावर तेलाचा पापुद्रा आला आणि एक कढीपत्त्याचं पान कोपऱ्यातून निघून सरपंचाच्या हद्दीत गेलं. त्याने त्या पानाला जे केलं ते पाहून मी दामूला आठवडाभर डब्यातच ठेवायचं ठरवलं. तीन दिवस मी किचन पेपरने तेल टिपत होतो. घरात कोणी चिवडा केला की अजून मी आधी टाकीवर झाकण घालतो.

आठवडा झाला, दोन झाले. दामू डब्यात, सरपंच डब्याबाहेर, आणि डब्यावर टकटक, टकटक. मग दुसरा उपाय, आरसा. टाकीच्या बाहेरून आरसा लावला की भांडखोर मासा आपल्याच प्रतिबिंबाशी भांडत बसतो, त्याची खुमखुमी तिथेच जिरते. मी धम्मशीलाचा आरसा लावला. सरपंच चाळीस मिनिटं भांडला. मग जेवला. मग पुन्हा आरशासमोर गेला आणि नुसता बघत राहिला. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. वैभवी म्हणाली, "बाबा, ती रेडी होते आहे." मी म्हणालो, तो. तो तयार होतो आहे. (या वाक्यातला माझा बरोबर आलेला शब्द फक्त "तयार" होता.)

आता चौथा रविवार, ज्याच्याबद्दल आत्या नाराज आहे असं मी समजतो. त्या सकाळी दामू डब्याच्या मागच्या कोपऱ्यात तोंड करून बसला होता. दोन दिवस जेवला नव्हता, शेपटी अर्धीच होती. अकरा वाजता आत्याचा फोन आला, व्हिडिओवर. "दामूला दाखव." मी आधी टाकीच्या तापमानाबद्दल बोललो. मग पाण्याच्या खारेपणाबद्दल. ती म्हणाली, "ते असू दे. दामूला दाखव." सतीश, माझ्या हातात फोन होता आणि समोर सरपंच होता, नारिंगी, तीन पट्टे, तब्येतीने उत्तम. मी फोन त्याच्याकडे फिरवला. म्हणालो, "हा काय, बघ ना, कसा खेळतोय." पलीकडे तिचा डोळा स्क्रीनवर मोठा मोठा होत गेला. मग ती म्हणाली, "जगू, याच्या पट्ट्याला खाच कुठे आहे?" मी म्हणालो, भरून आली असेल. ती म्हणाली, "पट्टा भरून येत नसतो." आणि फोन ठेवला. (आत्याला दूरचं दिसत नाही असं म्हणत कौन्सिलच्या कुठल्या फॉर्मवर आपण सह्या केल्या असतील तर त्या परत घ्याव्यात, असं माझं मत आहे.)

तुला दामू जिवंत असल्याचा मेसेज मी त्याच दुपारी केला. तू अंगठा दाखवलास. तो तिला दाखवलास की नाही ते मला कळलेलं नाही.

त्याच संध्याकाळी मी शेवटचा आणि सगळ्यात मोठा उपाय काढला. टाकीतले दगडच हलवायचे. याचं तत्त्व असं, की जुन्या माशाची दादागिरी जागेच्या ओळखीवर उभी असते. सगळं घरच उलटंपालटं केलं की दोघंही त्या घरात नवे होतात. मी आधी कागदावर दगडांचा नकाशा काढला, आजचा आणि उद्याचा. सगळे मिळून सोळा किलो दगड. टाकी खोल आहे, म्हणून शिडीच्या पायरीवर उभा राहून खांद्यापर्यंत हात आत घालायचा, दगड धरायचा, हळू फिरवायचा. दोन तास असाच उभा होतो, आणि खांद्याचं जे झालं ते तिथेच झालं. जीपी डॉक्टरने व्यायाम दिले आहेत आणि दगड कसले हे दोनदा विचारलं. या सगळ्या वेळात सरपंच माझ्या मनगटाला चावत होता. हा मासा चावला तर दुखत नाही, पण चार वर्षं ज्याला हाताने खाऊ घातलं त्याने चावणं वेगळं लागतं. काम संपल्यावर दामूला डब्यातून सोडलं. टाकीत नवी रचना, नवे रस्ते, कुंडी उजव्या टोकाला. सरपंच गोंधळला. इकडे गेला, तिकडे गेला. मी घड्याळ लावून बसलो होतो. अकराव्या मिनिटाला त्याने नवा कोपरा पकडला आणि तिथून सगळीकडे नजर ठेवून बसला. (दारात बसल्यासारखा.)

पण त्याने दामूला हात लावला नाही. पाठलाग केला, दोन वेळा ढुशी दिली, शेपटी धरली नाही. आणि मग मंगळवारी सकाळी, वैभवी कॉलेजला निघाली होती, तेव्हा ती ओरडली, "बाबा, दामू मरते आहे." मी धावलो. दामू सरपंचासमोर एका कुशीवर आडवा झाला होता आणि अंगभर थरथरत होता. शेपटीपासून डोक्यापर्यंत, मिक्सर चालू असल्यासारखा. मी तापमान बघितलं, साडेपंचवीस. खारेपणा बघितला, ठीक. मग फोन घेऊन माझ्या त्या मासेवाल्यांच्या ग्रुपवर लिहिलं, मासा थरथरतोय, आडवा पडलाय, तो माझा नाही, माझ्या आत्याचा आहे, लगेच सांगा. ग्रिम्सबीचा एक म्हातारा आहे तिथे, तो कोणाशी धड बोलत नाही. त्याचं उत्तर चार मिनिटांत आलं: "काँग्रॅच्युलेशन्स, मेट. ही इज सेयिंग यस, डिअर."

मग त्याने नीट लिहिलं. लहान मासा मोठीपुढे असा थरथरतो, म्हणजे तो म्हणतो, तू म्हणशील ते खरं. यानंतर भांडण संपतं आणि जोडी जमते. मी त्याला लगेच उलट लिहिलं, की लहान सरपंच आहे, आडवा दामू झालाय, आणि आकडे पाठवले. त्याने एकच प्रश्न विचारला. दामूला कशात मोजलं होतं?

सतीश, तू बी.एस्सी. आहेस. पाण्याने भरलेली गोल बरणी भिंगासारखी असते आणि तिच्यातलं सगळं आडवं मोठं दिसतं, हे तुला झोपेतही कळलं असतं. म्हणूनच मी तुला विचारलं नव्हतं. त्या दिवशी मी कामाला उशिरा गेलो. दोघांना टाकीच्या एकाच सपाट काचेपाशी, एकाच पट्टीने, तीन तीन वेळा मोजलं. सरपंच सहा पूर्णांक दोन. दामू पाच पूर्णांक चार. शिवाय पुस्तकात पुढच्याच पानावर असंही निघालं, की चार वर्षं एकटा वाढलेला मोठा मासा बहुतेक वेळा आधीच मादी होऊन बसलेला असतो. ते पान मी वाचलेलं होतं. पेन्सिलने खूणही केली होती. (म्हणजे सरपंच बाई आहे. दामू यायच्या आधीपासूनच. आत्याला ते पाच मिनिटांत कळलं, वैभवीला व्याकरण येत नसल्यामुळे कळलं, आणि मला चार वर्षं, एक पट्टी आणि ग्रिम्सबीचा माणूस लागला.)

संध्याकाळी मी वैभवीला सांगितलं. मला वाटलं हसेल. ती म्हणाली, "सो सरपंच आली?" मी म्हणालो, हो. आली. धम्मशीला चहा ओतत होती, ती मान वर न करता म्हणाली, "सरपंचपद महिला राखीव निघालं म्हणायचं."

आता मुद्द्यावर येतो. दोघं आता कुंडीत शेजारी शेजारी झोपतात. सरपंच आधी जेवते, दामू नंतर. दामू तिच्या मागून टाकीभर फिरतो आणि मध्येच एकदा थरथरून घेतो, उगाच, आठवण म्हणून. अशी जमलेली जोडी तोडायची नसते. दामूला एकट्याला परत पाठवलं तर तो खाणं सोडेल, आणि सरपंच पुढे येईल त्या माशाचं काय करेल ते मला बघायचं नाही. तेव्हा तीन आठवड्यांनी नॉटिंगहॅमला दामू एकटा येणार नाही, सरपंच त्याच्याबरोबर येईल. नवी टाकी किमान शंभर लिटरची घे, आणि खिडकीसमोर ठेवू नकोस. गोगलगाय माझ्याकडेच राहील. मला काही वाटत नाही. टाकी कशी, रिकामी झाली की साफ करायला सोपी जाते.

आणि एक गोष्ट तुझ्या लक्षात आली असेल तर उत्तम, नसेल तर आत्याच्या आली असेलच. आत्याच्या घरचा मुलगा, तिच्या माहेरची मुलगी. आपल्याकडे हा संबंध मागून घ्यायचा असतो, आणि मला बहीण नसल्यामुळे आत्याचा तो हक्क आमच्या घराकडे तीस वर्षं पडून होता. माहेरची सून मिळाली नाही हे तिने तुझ्या लग्नातसुद्धा मला स्टेजच्या मागे ऐकवलं होतं (अर्चनाने हे मनावर घेऊ नये, तिचं कौतुकही त्याच वाक्यात होतं). तर तो हक्क आता पोचता झाला. वरपक्ष मी नव्हे, ती. मानपान मागायचा तो तिने. रीतीप्रमाणे वराची आई रुसते, आणि मुलीच्या बापाने हात जोडायचे असतात. म्हणजे तिचे हे तीन रविवार नियमाला धरूनच झाले, माझी काही तक्रार नाही. अर्थात हे सगळं माशांच्या संदर्भात.

खांदा दुखू लागला, तेव्हा थांबतो. अर्चनाला आमच्या दोघांचा जय भीम. आत्याच्या गुडघ्याला गरम पिशवी सकाळी लावायची, जिने चढून आल्यावर नाही.

तुझा,
जगदीश
(मुलीचा बाप)

ता. क. सरपंच सकाळी सहा चाळीसला जेवते. गोठवलेली बारीक कोळंबी आधी टाकीच्याच पाण्यात विरघळवायची, नळाच्या नाही. काचेला नाक लावलं तर ती समोर येते, बोट लावलं तर येत नाही. टाकीत हात घातला तर मनगटाला चावेल. चावू द्यावं. ओळखीच्या माणसालाच चावते.

ता. क. दोन. पुढच्या रविवारी अकराला आत्याला फोन करायला सांग. तिनेच करावा. मी केला तर ती घेत नाही, आणि नुसती रिंग वाजत राहिलेली मला ऐकवत नाही. व्हिडिओवर कर म्हणावं. खाच दाखवतो. खाच आधी, मग शेपटी, मग सरपंच. तापमानाबद्दल बोलणार नाही.

ता. क. तीन. हे पत्र तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखव. फक्त कंसातलं वगळ. ते तुझ्यासाठी आहे.

ता. क. चार. पाकीट बंद करण्याआधी धम्मशीलाने वाचलं. तिचं म्हणणं, कंसाबाहेरचं सगळं मी स्वतःसाठी लिहिलंय, खरं काय ते कंसात आहे. ती बऱ्याचदा बरोबर असते, आणि अलीकडे मोजमापावरचा माझा विश्वास तसाही कमी झाला आहे. तेव्हा उलट कर. आत्याला फक्त कंसातलं वाचून दाखव. बाकीचं तू वाच, आणि अंगठा दाखव.